चार मैत्रिणी आणि एक गोल्फची बॅग

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी फोन केला तेव्हा मला विषय दिला होता, 'आयटी क्षेत्रातील संधी'. मी म्हटलं, अरे, आपण सगळे पंचेचाळिशी ओलांडलेले. संधीवर कोण ऐकणार, संधिवातावर बोललं तर निदान पुढच्या दोन रांगा ऐकतील. तेव्हा तो म्हणाला, "तुला बोलायचं ते बोल, पण जेवणाच्या आधी संपव." म्हणून आज मी तुम्हाला आम्ही चौघींनी गोल्फच्या सहलीची आखणी कशी केली ते सांगणार आहे. गणिताचे सर हसतायत. सर, यात गणितही आहे, शेवटी येतं.

त्या तिघी इथेच बसल्या आहेत. नावं घेणार नाही, नाहीतर जेवणाच्या रांगेत मला धरतील. एक माझी बाकावरची. पाचवीपासून दहावीपर्यंत एकच बाक, एकच कंपासपेटी. ती आता शहापूर तालुक्यात, भातसा धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावर अंगणवाडी चालवते. दुसरी मुरबाडकडची, म्हशाच्या जवळ तिची आणि नवऱ्याची पोल्ट्री आहे. तिसरी कल्याणला नर्स. आणि चौथी मी, पुण्याला कंपनीत. माझं काम घरी आईला अजून नीट कळलेलं नाही. ती विचारणाऱ्याला सांगते, "कंप्युटरवर असते."

आता गोल्फ कुठून आला ते सांगते. २०१७ साली कंपनीने मला सहा आठवड्यांसाठी अमेरिकेत अ‍ॅरिझोनाला पाठवलं होतं. भट्टीसारखी हवा, सगळीकडे वाळवंट आणि निवडुंग, आणि मध्येच पावसाळ्यातल्या भाताच्या खाचरासारखा हिरवागार तुकडा. विचारलं तर म्हणे गोल्फ कोर्स. शुक्रवारी दुपारी आमची टीम तिकडे गेली. मला खेळता येत नव्हतं, मी ऑफिसात थांबून टेस्टिंग पुरं केलं. सोमवारी मीटिंगला बसले तर ज्या तीन गोष्टींवर मी आठवडाभर मुद्दे काढले होते त्या शुक्रवारीच ठरून गेल्या होत्या, चालता चालता, चेंडू शोधता शोधता. माझे मुद्दे चुकीचे नव्हते. मी फक्त तिथे नव्हते.

परत आल्यावर रागानेच शिकायला सुरुवात केली, पुण्यातल्या एका ड्रायव्हिंग रेंजवर. म्हणजे नुसते चेंडू लांब मारायचं मैदान. पहिला महिनाभर चेंडूपेक्षा मातीच जास्त उडाली. पण एक सांगू, खेळ परका नव्हता. आपण शाळेमागे गोट्या खेळायचो तेव्हा गल खणायचो की नाही? गोल्फ म्हणजे अठरा गली. प्रत्येक गलीपर्यंत किती फटक्यांत पोचावं याचा आकडा आधी ठरलेला, त्याला पार म्हणतात. बाकी सगळा खर्च बुटांचा आणि कपड्यांचा. कॉलरचा शर्ट हवा, गोल गळ्याचा टीशर्ट चालत नाही, हे मला पहिल्या दिवशी दारात कळलं.

आणि मग २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकला अदिती अशोक चौथी आली. आठवतं ना? शनिवारी पहाटेपासून अख्खा देश टीव्हीसमोर बसून गोल्फ म्हणजे काय ते एकमेकांना विचारत होता. त्या दिवशी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या बाकावरचीचा मेसेज आला: "तिची बॅग उचलणारी बाई कोण गं?" मी लिहिलं, तिची आई. खेळाडूबरोबर बॅग घेऊन चालतो, काठी निवडायला मदत करतो, त्याला कॅडी म्हणतात. टोकियोत अदितीची कॅडी तिची आईच होती. त्यावर हिचं उत्तर: "मग तुझी बॅग मी उचलीन."

सहलीची सुरुवात ही एवढीच. पुढे दोन वर्षं काही झालं नाही. मग एकदा माझ्या ऑफिसातले लोक हिवाळ्यात उबदार शहरात जाऊन गोल्फ खेळायचं ठरवत होते. स्पेनमधलं सेव्हिल, मोरोक्कोतलं माराकेश, अशी नावं चालली होती. म्हणजे सकाळी खेळ, दुपारी जुने वाडे-राजवाडे, संध्याकाळी बाजार. माणशी खर्च ऐकला आणि मनातल्या मनात भागाकार केला. त्या एकाच्या पैशात आम्ही चौघी कुठेतरी जाऊन आलो असतो आणि वर मुरबाडला परतताना रिक्षा केली असती.

शहर शोधायला फार वेळ लागला नाही. ऐतिहासिक हवं, थंडीत उबदार हवं, रेल्वेने एका रात्रीत पोचता यायला हवं. कोलकात्याचं रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चं, ब्रिटनबाहेरचं सगळ्यात जुनं, पण लांब. म्हैसूरही मनात होतं. शेवटी हैदराबाद ठरलं, कारण तिथलं एक मैदान चक्क गोवळकोंडा किल्ल्याच्या तटबंदीत आहे. त्या भागाला नया किला म्हणतात. औरंगजेबाने शाहजादा असताना पहिल्यांदा वेढा दिला होता, त्यानंतर अब्दुल्ला कुतुबशहाने १६५६ मध्ये समोरची टेकडी आत घेऊन तट वाढवला, कारण त्या टेकडीवरून तोफा डागता येत होत्या. आज त्या तटाच्या आत लोक गोल्फ खेळतात. संरक्षित वास्तूत खेळाचं मैदान असावं का, यावर तिथे वाद झालेले आहेत, आणि मला विचाराल तर वाद घालणाऱ्यांचं म्हणणं चूक वाटत नाही. तरीही मी गेले, हेही सांगून टाकते.

आखणीची एक्सेल शीट मी केली. माझा धंदाच तो. मला वाटलं होतं अवघड भाग मैदानाची वेळ मिळवण्याचा असेल. तो तर एका फोनचा निघाला: पाहुण्यांना आठवड्यातल्या कामाच्या दिवशी वेळ सहज मिळते, शनिवार-रविवार सभासदांचे, भाड्याने काठ्या मिळतात का, बरोबर न खेळणारी माणसं चालतील का, हे आधीच विचारून घ्यायचं. बरोबर चालायची परवानगी मिळाली. अवघड भाग तारखांचा होता.

ऑक्टोबर-नोव्हेंबर भातकापणी आणि झोडणी, कोणी हलत नाही. जानेवारीत पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा, तेव्हा पोल्ट्रीवालीच्या घरी पाहुण्यांचा राबता, तिचं नाव काढायचं नाही. फेब्रुवारीपासून लग्नं. मार्च-एप्रिलमध्ये हैदराबादला जाऊन खेळणं म्हणजे तव्यावर चालणं. राहिला डिसेंबर. त्यात नर्सबाईच्या नाइट ड्युट्या आणि अंगणवाडीची मोजून मिळणारी सुट्टी. आणि सगळ्यात पक्की अट कोंबड्यांची. पिल्लं टाकली की साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत बॅच उचलतात, मग शेड धुऊन चुना मारून पंधरा दिवस मोकळी ठेवतात. पोल्ट्रीवालीला फक्त त्या मोकळ्या दिवसांत निघता येतं. वीस वर्षं मी सॉफ्टवेअरच्या रिलीजच्या तारखा ठरवतेय. कंपनीची गाडी कोंबड्या कधी उचलणार यावर ठरलेली तारीख ही पहिलीच. आणि ती पाळली गेली, हे माझ्या बाकीच्या तारखांबद्दल सांगता येत नाही.

पैशाचं त्याआधी वर्षभर ठरलं होतं. मी म्हटलं होतं, तिकिटं मी काढते. तिघींनी एका सुरात नाही म्हटलं. मग भिशी लावली. महिना हजार, चौघींचे वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार. गोल्फचा खर्च त्यात धरायचा नाही, तो माझा मी करायचा, कारण खेळणार मी एकटीच. हा हिशेब नर्सबाईने ठेवला आणि परतल्यावर प्रत्येकीला तीनशे दहा रुपये परत दिले.

घरी सांगायचं काय, हा वेगळाच विषय. नर्सबाई म्हणाली, देवदर्शन सांगू. बाकावरची म्हणाली, खोटं सांगून गेलं की परत येताना भीती वाटते, खरंच सांगू. तिने खरं सांगितलं. बावीस वर्षांत दवाखाना आणि लेकीचं बाळंतपण सोडून ती एक रात्रही घराबाहेर झोपली नव्हती. तिच्या नवऱ्याने विचारलं, "परत कधी?" ती म्हणाली, "पाचव्या दिवशी." तो म्हणाला, "बरं." एवढंच. आम्ही सगळ्यांनी उगाच भीती घेतली होती. पोल्ट्रीवालीच्या सासूबाई मात्र मजेशीर. त्यांना गोल्फ समजावून सांगितला, काठीने चेंडू मारायचा, लांब गलीत घालायचा. त्या म्हणाल्या, "एवढ्याला हैदराबादला कशाला जायचं? इथं काय माळ कमी आहेत?"

कल्याणहून रात्रीची हुसेनसागर एक्सप्रेस धरली. माझी गोल्फची बॅग बर्थखाली मावेना, शेवटी पोल्ट्रीवाली तिला उशाशी घेऊन झोपली. टीसीने विचारलं, "ह्यात काय, तंबोरा?" नर्सबाई म्हणाली, "हो, गाणं आहे आमचं." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हैदराबाद. शीटमध्ये मी लिहून ठेवलं होतं की सालारजंग म्युझियम शुक्रवारी बंद असतं, म्हणून ते पहिल्याच दिवशी घेतलं. तिथे एक घड्याळ आहे, दर तासाला त्यातून छोटा माणूस बाहेर येऊन घंटा वाजवतो. ते बघायला शंभर माणसं बाकांवर बसलेली असतात, आम्ही चौघीही बसलो. संध्याकाळी चारमिनार, १५९१ चा. बांगड्यांच्या बाजारात दीड तास गेला, तो माझ्या शीटमध्ये नव्हता.

आणि मग तो दिवस. पहाटे साडेपाचला उठलो. डिसेंबरातली हैदराबादची पहाट आपल्याकडच्यासारखीच, शाल घेण्याइतकी गार, आणि दहा वाजता शाल नकोशी. गरम शहरात खेळायचं असेल तर पहिली वेळ घ्यायची, हा माझा पहिला नियम. दुसरा, अठरा नाही, नऊच होल खेळायचे; बरोबरची माणसं न खेळणारी असतील तर दोन-अडीच तासांवर त्यांची परीक्षा बघू नये.

मैदानावरचा कॅडी मिळाला, वयाने माझ्या भाच्याएवढा. तो बॅग घ्यायला पुढे आला तर बाकावरचीने ती आधीच खांद्यावर घेतलेली. तिचं म्हणणं, तसं ठरलं होतं. त्या मुलाला काय करावं कळेना. शेवटी तडजोड झाली, बॅग त्याच्याकडे आणि माझी एक काठी व पाण्याची बाटली हिच्याकडे. चालता चालता मी त्या मुलाला चौरसियाबद्दल विचारलं. त्याला सगळं पाठ होतं. शिवशंकर प्रसाद चौरसिया, कोलकात्याच्या त्याच जुन्या क्लबमध्ये वडील हिरवळीची देखभाल करायचे, मुलगा तिथेच बघून बघून शिकला आणि २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. पीटीचे सर, तुम्ही म्हणायचात ना, मैदानावर राबणारा मैदान ओळखतो. त्या मुलाच्या तोंडून मी तेच दुसऱ्या भाषेत ऐकलं.

खेळाबद्दल थोडक्यात सांगते. नऊ होलचा पार छत्तीस. मी एकसष्ट फटके मारले. त्यातले चार वाळूच्या एकाच खड्ड्यात. पोल्ट्रीवाली म्हणाली, "कोंबडी अंड्यावर बसते तशी बसलीस त्यात."

पण मला सांगायचं आहे ते तिसऱ्या होलपाशी घडलं. समोर किल्ल्याचा तट, त्यावर नुकतं ऊन आलेलं, आणि खाली हिरवळीवर पाण्याचे फवारे गोल फिरत होते. चिक-चिक-चिक. आम्ही थांबलो, पाणी बंद होईपर्यंत पुढे जायचं नव्हतं. माझी बाकावरची ते बघत उभी. मला वाटलं तिला सुंदर वाटतंय. तिने विचारलं, "हे पाणी कुठलं?"

मी कॅडीला विचारलं. तो म्हणाला, ते माळ्यांना माहीत. तिने पुढे काही विचारलं नाही. पण मी तिला चाळीस वर्षं ओळखते. रात्री हॉटेलवर तिने मला विचारलं, "अशा मैदानाला रोजचं पाणी किती लागतं, तुझ्या मोबाइलवर बघ." मी बघितलं. मैदानामैदानात फरक असतो, पण उष्ण प्रदेशातलं अठरा होलचं मैदान उन्हाळ्यात दिवसाला दहा लाख लिटर आणि त्याहूनही जास्त पाणी पिऊ शकतं. तिने अंगणवाडीच्या वहीच्या मागच्या पानावर मांडलं. टँकर दहा हजार लिटरचा. म्हणजे एका दिवसाला शंभर टँकर. तिच्या पाड्यावर एप्रिल-मेमध्ये दिवसाआड एक टँकर येतो. म्हणजे त्या मैदानाचा एक दिवस म्हणजे तिच्या पाड्याचे दोनशे दिवस. आमच्याकडचे तीन पूर्ण उन्हाळे.

सर, गणित हे.

आपल्यापैकी कोणाला हे नवीन नाही. तानसा आपल्याकडे, १८९२ पासून. मोडकसागर, भातसा आपल्याकडे. मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा. आणि एप्रिल लागला की शहापुरात कोणत्या पाड्याला टँकर लागला याची यादी आपण वर्तमानपत्रात वाचतो, ती वाचतानाच्या आपल्या सुरात आता आश्चर्यही राहिलेलं नाही. मी पुण्यात नळ सोडते तेव्हा मला ते आठवत नाही. त्या रात्री मला काही बोलता येईना. मी म्हटलं, "मी खेळणं सोडू का?" ती म्हणाली, "मी तुला खेळू नको म्हणत नाही. मी फक्त मोजलं."

दुसऱ्या दिवशी गोवळकोंड्याच्या जुन्या किल्ल्यावर गेलो. साडेतीनशेच्या वर पायऱ्या, वर बालाहिसार. फतेह दरवाज्याखाली टाळी वाजवली की वर माथ्यावर ऐकू येते, ती सगळ्यांनी वाजवली. मी मैत्रिणींना १६७७ सांगत होते, शिवाजी महाराज कुतुबशहाच्या भेटीला भागानगरला आले ते साल, मादण्णा आणि आकण्णा ही दोन भावांची जोडी तेव्हा कारभार बघत होती. मग माहुली निघाली, आपल्या दारातली. १६३६ साली शहाजीराजे निजामशाहीच्या बाळराजाला घेऊन माहुलीवर शेवटपर्यंत लढले आणि निजामशाही तिथे संपली. पन्नासेक वर्षांनी, १६८७ मध्ये, इथे कुतुबशाही संपली. इतिहासाच्या बाई, यात काही चुकलं असेल तर जेवताना सांगा.

पण बाकावरचीचं लक्ष भिंतीत होतं. भिंतीतून मातीच्या नळांचे तुकडे दिसतात. वाटाड्याने सांगितलं की खाली दुर्गम चेरुवू नावाच्या तलावातून पाणी आणायचे आणि रहाटगाडग्यांनी टप्प्याटप्प्याने उचलून, मातीच्या नळांतून वर माथ्यापर्यंत चढवायचे. त्या तलावाच्या काठाशी आज आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. आमच्या कंपनीचे लोक तिथल्या पुलावर फोटो काढतात. ती त्या नळावर हात ठेवून म्हणाली, "चारशे वर्षांपूर्वी डोंगरावर पाणी चढवलं गं यांनी. आमच्याकडे धरण खाली दिसतं आणि पाणी वर येत नाही." एवढंच म्हणून पुढच्या पायऱ्या चढायला लागली.

नव्या किल्ल्यातलं एक झाड सांगायचं राहिलं. हतियां का झाड म्हणतात, चारशे वर्षांहून जुनं मानतात, घेर सत्तावीस मीटरच्या आसपास. आफ्रिकेतून आलेलं. आम्ही चौघींनी हात धरून कवेत घ्यायचा प्रयत्न केला, पाव भागही झाला नाही. घरी येऊन बघितलं तर मराठीत त्याला गोरखचिंच म्हणतात. मुरबाडकरांनो, तुमच्याकडे गोरखगड आहेच, आता चिंचही लावा.

तर परत आल्यावर काय झालं. मी खेळणं सोडलं नाही. उगाच मोठेपणा घेत नाही. पण कुठेही वेळ घेण्याआधी एक प्रश्न विचारायला लागले, पाणी कुठलं. एका ठिकाणी लगेच सांगितलं की सांडपाण्यावर प्रक्रिया करून तेच हिरवळीला देतो, आणि अशी मैदानं बरीच आहेत. एका ठिकाणी तर मला विचारलं, मॅडम, तुम्ही पत्रकार का? तिथे मी गेले नाही. ज्यांना गोल्फ बघायचाय त्यांना सांगते, खारघरचं सिडकोचं मैदान सर्वांसाठी आहे, सभासद असावं लागत नाही, पैसे भरून खेळता येतं. पण तिथेही हा प्रश्न विचारा.

आणि आपल्यातले दोघे-तिघे जमिनीच्या व्यवहारात आहेत. हो, तुम्हालाच म्हणतेय, मागे बघू नका. मुरबाड रस्त्याला आणि आता समृद्धीमुळे शहापुराकडेही बंगल्यांच्या प्लॉटचे फलक लागलेत, तरणतलावाच्या चित्रासकट. उद्या त्यात कोणी गोल्फही घालेल, म्हशाच्या आजींनी सांगितल्याप्रमाणे माळ आपल्याकडे आहेतच. व्यवहार करा, पोटापाण्याचा प्रश्न आहे. फक्त ग्रामसभेत तो शंभर टँकरचा हिशेब मोठ्याने वाचा. वही माझ्या मैत्रिणीकडे आहे, झेरॉक्स मिळेल.

आता शाळेचं. या मेळाव्यात आपण निधी जमवला आणि त्यातून डिजिटल फळा घ्यायचं ठरलंय. मी आयटीवाली म्हणून तुम्ही माझ्याकडे कोटेशनही मागितलं. ते मी आणलेलं नाही. त्याऐवजी माझी बाकावरची आणि मी काल संध्याकाळी शाळेचं छप्पर मोजलं, शिपाईकाकांनी टेप धरला. छप्पर साधारण चारशे चौरस मीटर. आपल्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. गुणाकार केला तर दहा लाख लिटर. तोच आकडा, सर. मी दोनदा करून बघितला. एवढं पाणी दर पावसाळ्यात आपल्या छपरावरून ओहोळात जातं, आणि मार्चपासून मुलं घरून बाटली भरून आणतात. ज्यांच्या घरी पाणी नसतं ती रिकामी आणतात. बाकावरची सांगते, तिच्या अंगणवाडीतून इथे आलेली मुलं तहान लागू नये म्हणून मधल्या सुट्टीत पळत नाहीत.

सगळं साठवायची गरज नाही. तीनशे मुलं, माणशी दोन लिटर, शाळेचे पन्नास दिवस धरले तर तीस हजार लिटर. पन्नास हजार लिटरची टाकी, पहिल्या पावसाचं पाणी वगळायची सोय, गाळणी आणि झाकण. नर्सबाईचं म्हणणं, झाकण पक्कं हवं आणि पाणी दरवर्षी तपासून घ्यायचं, ती जबाबदारी ती घेते. बांधकामातले आपल्या बॅचचे जे आहेत त्यांनी उद्या सकाळी जाण्यापूर्वी जागा बघून अंदाज द्यावा. पैसे कमी पडले तर फळा पुढच्या वर्षी घेऊ. सर खडूने शिकवायचे तेव्हा आम्हाला कळायचंच. यावर मतभेद असतील तर जेवताना बोलू, पण आजच बोलू, कारण ग्रुपवर हा विषय गेला की सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जाईल.

पुढची सहल डिसेंबरात म्हैसूर. भिशी चालू आहे, या वेळी महिना बाराशे. वर्गातल्या आणखी दोघींनी नावं दिलीत. त्यातली एक विचारत होती, गोल्फ खेळलाच पाहिजे का? नाही, बाई, आमच्यातही एकटीच खेळते, तेही एकसष्ट फटके मारून. तारीख अजून ठरलेली नाही. पोल्ट्रीवाली, तुझी बॅच कधी उचलणार तेवढं आज सांगून जा.